बस म्हणेपर्यंत

दोन रॅम्प. जालन्याचा अँगल, सेलूचं वेल्डिंग,
वर लाल ऑक्साईडचा एकच हात,
आणि आतल्या बाजूला खडूनं :
निवेदीता मॅडम, २ नग, बाकी ६००.
बाकी दिली. खडू राहिला.

गौसभाई दोन्हींवर स्वतः उभे राहिले,
नव्वद किलोचे गौसभाई.
'गाडी माझ्या आठ पट. तरी पेलतील.
पण खालची जमीन माझी नाही मॅडम,
ती तुम्ही बघा.'

जमीन बघितली. अंगणात काळी माती,
उन्हाळ्यात अख्खा पाना गिळतील अशा भेगा,
पाऊस झाला की लोणी.
तिच्यावर एक रॅम्प आधी बसतो, दुसरा मागून,
आणि गाडी तिरकी, डबक्यावर वाकलेल्या शेळीसारखी.
म्हणून दारापुढची शहाबादी फरशी.
सपाट, पण गुळगुळीत.
पहिल्याच दिवशी चाक टेकलं
आणि रॅम्प पुढं पळाला, खर्रर्र,
थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.
आई म्हणाली, 'गाडी हितंच हाय की गं.
घसरगुंडीच तेवढी गावाला जाऊन आली.'

मग तिनंच माळ्यावरून जिनिंगचा जुना पट्टा काढला,
रबरी, कडेला कापसाचं तूस अजून चिकटलेलं.
तो खाली अंथरला. पुन्हा सरकला नाही.

केवळबाई, माझी आई. सव्वीस वर्षं जिनिंगला.
गाडी येत नाही, अक्षरं सहीपुरती.
पण यंत्रापुढं कुठं उभं राहायचं तिला ठाऊक :
पुढ्यात नाही. बाजूला. मला दिसेल असं.
'ये. ये. ये की. डावं घे. आता दमानं.'
बोनेट आभाळात जातं.
रस्ता दिसत नाही, रॅम्प दिसत नाही,
नुसता लिंबाचा शेंडा
आणि कडेला वर केलेला एक हात.
इतकी आंधळी मी कुणाच्याच शब्दावर चढलेले नाही.
चाक खोबणीत उतरतं, टुक्.
'बस.'

हँडब्रेक. पहिला गिअर.
मागच्या चाकांना बाभळीचे ठोकळे,
वीट नाही, वीट न सांगता फुटते.
मग ती गाडीला खांदा लावते, दोनदा, जोरात,
'हलायचं आसंल तर आत्ता हल म्हणावं,
ही खाली गेल्यावर नको.'
आणि हात पुढं करते. चावी.
काम संपेपर्यंत ती तिच्या मुठीत.

का मुठीत, ते एकदाच बोलली.
मी खाली, तेलाचा नट सोडवत.
मला तिचे पाय तेवढे दिसत होते, जोडवी, टाचेच्या चिरा.
'मशीन बंदच होतं. बटण कुणी दाबलं
अजून कळलं नाही.
सत्यभामेचा हात, कोपरापस्तोर.
दुपारी आमाला रुई निवडाय बसवलं,
लाल तेवढी वेगळी काढा म्हणले.'

तेल कोमट, काळं,
दोरी होऊन टोपल्यात उतरत होतं.
दोरीचा धागा झाला. धाग्याचे थेंब.
वॉशर नवा घातला. नट आधी बोटांनी,
मग पान्यानं, मग थोडा, आणि थांबले.
पाय हलले नव्हते.

शेजारचा शिवलिंग जॅकवर गाडी घेतो,
जॅकखाली विटा, स्वतः गाडीखाली,
गाणं लावून.
'मोप वेळा केलंय मावशी, काय होतंय?'
'जॅक उचलतो बाबा. पेलत नाही.'
तो हसला होता.

परवा संध्याकाळी दारात आला,
कोपर खरचटलेलं, आवाज लहान.
रॅम्प मिळतील का म्हणाला.
काय झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
'ने की,' आई म्हणाली. 'पट्टा बी ने.
पण बस म्हणाय कोण हाय तुज्याकडं?'

तो फरशीकडं बघत राहिला.
आई उठली, चपला शोधू लागली.